गाठ तिला आधीच कळलेली असते

चैत्रातली सकाळ होती. नागपूरच्या सक्करदऱ्याला मामीच्या गच्चीवर ऊन चढायच्या आत कुरड्या उरकायच्या म्हणून आम्ही चौघी साडेसहालाच वर गेलो होतो. चीक शिजून तयार होता. दरवर्षी पहिला घाणा मामीच घालते, कारण तिच्या हाताला जोर आहे आणि तिची कुरडई मध्ये तुटत नाही. त्या दिवशी तिनं दोनच कुरड्या घातल्या आणि सोऱ्या माझ्याकडे दिला. "हात भरून येऊन राहिला," म्हणाली. वाकताना पदर सरकला तेव्हा ब्लाउजच्या आत, डाव्या बाजूला, घडी घातलेल्या रुमालाचं टोक मला दिसलं.

खाली आल्यावर, स्वयंपाकघराचं दार लोटून मी विचारलं. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दुखत नाही ना बाई. दुखलं असतं तं सांगितलं असतं."

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत अंघोळ करताना तिच्या हाताला वाटाण्याएवढा खडा लागला होता. संक्रांतीच्या आगेमागे ब्लाउजला तांबूस डाग पडू लागले. मग तिनं रुमाल ठेवायला सुरुवात केली. तो ती वेगळा धुवायची आणि दोरीवर साडीच्या आड वाळत घालायची, घरातल्या कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. रुमालाचं हे दोन-अडीच महिने रोज चाललं होतं, आणि गाठ लागून तर पाच महिने झाले होते. स्वतःच्या शरीरावर इतकी बारीक नजर ठेवणाऱ्या बाईला "जागरूक नाही" असं कोण म्हणेल?

मला आज हेच मांडायचं आहे. स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलताना आपण सगळा भार बाईच्या अज्ञानावर टाकतो. ती बघत नाही, ती लाजते, ती दुर्लक्ष करते, असं म्हणतो. माझा अनुभव वेगळा आहे, आणि ज्या ज्या बायकांशी मी यावर मोकळेपणानं बोलले त्यांचाही वेगळा आहे. बदल तिला कळलेला असतो. तो कळण्याच्या दिवसापासून कोणीतरी जाणता हात लावून तपासण्याच्या दिवसापर्यंत जे महिने जातात, त्यांची जबाबदारी घराची आहे, दवाखान्याची आहे आणि सरकारची आहे. जागृतीच्या नावाखाली आपण ती पुन्हा तिच्याच पदरात घालतो.

मामीचे पाच महिने कुठे गेले ते सांगते. दिवाळीत पाहुणे होते. डिसेंबरात मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि "आईला असलं काही आहे" हे सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर, ही धास्ती. जानेवारीत ती एकटीच एका डॉक्टरकडे जाऊन आली. त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच विचारलं, दुखतं का? नाही म्हटल्यावर, वयाप्रमाणे होतं असं, म्हणून गोळ्या लिहून दिल्या. हात लावून तपासलं नाही. तिला तर ते बरंच वाटलं. "डॉक्टरनं सांगितलं काही नाही," हे वाक्य तिनं पुढचे दोन महिने उराशी धरलं. आम्हाला कळल्यावर दुसऱ्या एका छोट्या दवाखान्यात नेलं, तर ते म्हणाले, उद्या सकाळी उपाशी या, गाठ काढून टाकू. सुईची तपासणी नाही, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, तोही नाही, काही नाही. माझी एक मैत्रीण परिचारिका आहे. तिनं फोनवर ओरडून सांगितलं म्हणून आम्ही थांबलो.

आता त्या शब्दाकडे येते, कारण निम्मी अडचण तिथेच आहे. "स्तन" हा शब्द आपण घरात बोलत नाही. पुस्तकात असतो, डॉक्टरच्या तोंडी असतो. बाई म्हणते "छाती". बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर "छातीत त्रास आहे" म्हटलं की चिठ्ठी हृदयाच्या बाजूची निघते, आणि मग पुरुषांनी भरलेल्या रांगेत उभं राहून "तसं नाही, तिकडचं" असं सांगायचं धाडस तिनं करायचं. आमच्याकडे खेड्यातली म्हातारी सरळ "थान" म्हणते, आणि "अंगावर पाजणं" तर सगळ्याच बायका बोलतात. म्हणजे शब्द होते. शिकलेल्या घरांनी ते अडाणी ठरवले आणि त्यांच्या जागी दुसरे काही ठेवलं नाही. तोंडाच्या कर्करोगाचं या शहरात असं नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं की पानठेल्यावरचा माणूसही सांगतो, "मेडिकलला दाखव," म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. नागपूरच्या बायकांमध्ये मात्र सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. तरी त्याबद्दल असं सहज सांगणारं कोणी रस्त्यात भेटत नाही.

मग दाखवायचं कधी? मी डॉक्टर नाही, पण ही माहिती आता पक्की आहे आणि ती साध्या शब्दांत प्रत्येक घरात असायला हवी. पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना जडपणा, हुळहुळेपणा, हाताला गाठीगाठी लागणं हे नेहमीचं आहे. पाळी झाली की ते उतरतं. नुसतं दुखणं, तेही दोन्हीकडे आणि महिन्याच्या ठरावीक दिवसांत, हे सहसा कर्करोगाचं लक्षण नसतं. नव्यानं हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठीही कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये हाताखालून निसटणारी, गोट्यासारखी गाठ असते, चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी होतात. पण "बहुतेक" म्हणजे "तुझी" असं नव्हे. ते ठरवणं तपासणाऱ्याचं काम आहे, बाईचं नाही आणि शेजारणीचंही नाही. म्हणून हिशोब असा ठेवावा: नवी गाठ किंवा एका जागी आलेला घट्टपणा पुढची पाळी होऊन गेल्यावरही राहिला, तर दाखवायचं. पाळी थांबलेली असेल तर वाट पाहायची गरजच नाही, नवी गाठ त्याच आठवड्यात दाखवायची.

आणि काही बदल असे आहेत की त्यात पाळीचा हिशोबही करत बसू नये. कातडीला खळी पडणं किंवा ती आत ओढल्यासारखी दिसणं, जे हात वर केल्यावर आरशात जास्त कळतं. संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रं दिसणारी कातडी. नागपूरच्या बाईला याहून नेमकी उपमा कोण देणार, रोज हातात असते ती साल. बाहेर असलेलं बोंड, म्हणजे स्तनाग्र, नव्यानं आत जाणं. एकाच बाजूनं, न दाबता, आपोआप रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव येणं. बोंडावर खाज, खपली, ओल, जी मलम लावूनही बरी होत नाही. तिला त्वचेचा साधा आजार समजून महिनेच्या महिने मलमं बदलली जातात. काखेत गाठ. एका बाजूचा आकार अचानक बदलणं. अंगावर पाजत नसताना एक बाजू लाल, गरम, सुजलेली होणं. पाजणाऱ्या आईला दूध साखळून गाठ होते हे खरं, पण उपचार करूनही ती विरघळली नाही तर "दुधाचीच आहे" म्हणून बसून राहू नये. सोनोग्राफी बाळंतिणीला आणि गरोदर बाईलाही निर्धोक आहे.

मामीनं सांगितलेलं वाक्य, "दुखत नाही", हे तर उलट वाचायला हवं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखणं आलं की माणूस दवाखान्यात जातो, ही आपली शेकडो वर्षांची सवय आहे, आणि हा आजार नेमका त्या सवयीतून सुटतो. दुसरं खोटं समाधान म्हणजे "आमच्यात कोणालाच नव्हता." स्तनाचा कर्करोग होणाऱ्या बहुसंख्य बायकांच्या घराण्यात तो आधी कोणाला झालेला नसतो. आणि पुरुषांनीही हे वाचावं, कारण थोड्या प्रमाणात का होईना, तो त्यांनाही होतो, आणि बोंडामागची घट्ट गाठ ते बायकांपेक्षाही जास्त दिवस झाकून ठेवतात.

इथपर्यंत कोणाचा वाद नसावा. वाद पुढे आहे. ऑक्टोबर आला की गुलाबी फिती, गुलाबी फेऱ्या, भाषणं, "स्वतःची तपासणी स्वतः करा" अशी पत्रकं निघतात. ते करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण एवढ्यानं भागतं का, याचं उत्तर शोधायला दोन मोठे प्रयोग पुरेसे आहेत.

पहिला शांघायचा. तिथल्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार बायकांपैकी निम्म्यांना स्वतःची तपासणी करायला नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली आणि दहा वर्षांहून अधिक काळ पाहिलं. २००२ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत स्तनाच्या कर्करोगानं मरणाऱ्यांची संख्या जवळजवळ सारखीच होती. शिकवलेल्या गटात फक्त साध्या गाठींच्या तपासण्या जास्त झाल्या. याचा अर्थ बाईनं स्वतःकडे बघू नये असा नाही. आपल्या शरीराचं नेहमीचं रूप माहीत असणं आणि त्यात बदल दिसला तर सांगणं हे हवंच. पण महिन्याच्या ठरल्या तारखेला बोटं फिरवण्याचं व्रत तिच्यावर लादून बाकीच्यांनी मोकळं व्हावं, हे चालणार नाही.

दुसरा प्रयोग आपल्याच राज्यातला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करायच्या, अशा चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या गटाला कर्करोगाची माहिती एकदा समजावून सांगितली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. माहिती मिळालेल्या गटात ४७ टक्के कर्करोग तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर सापडले, हात लावून तपासलेल्या गटात ३७ टक्के. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, आणि सगळ्या वयांचा मिळून जो १५ टक्क्यांचा फरक आला तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. हेही सांगायलाच हवं, नाहीतर मी अर्धंच सत्य सांगितल्यासारखं होईल. तरीही शंभर रुग्णांमागे आणखी दहा जणी आजार पुढे जाण्याआधी सापडणं ही छोटी गोष्ट नव्हे, आणि ते काम डॉक्टरांनी नाही, यंत्रांनी नाही, शिकवून तयार केलेल्या बायकांच्या बोटांनी केलं.

टप्प्यानं काय फरक पडतो? देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांच्या अभ्यासात, २०१२ ते २०१५ मध्ये निदान झालेल्यांपैकी ज्यांचा आजार स्तनापुरता होता त्यांच्यातल्या सुमारे ८१ टक्के बायका पाच वर्षांनंतर हयात होत्या. आजार दूर पसरलेला असताना सापडला त्यांच्यात सुमारे १८ टक्के. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार होतो आणि सुमारे ९८ हजार दगावतात. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कर्करोगासाठी स्तनाची तपासणी कधी झाली आहे का, तेव्हा हो म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही.

कागदावर मात्र व्यवस्था आहे. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा आरोग्य कर्मचाऱ्यानं हातानं तपासणी करावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१६ पासून सांगतात. आशाताईच्या हातातल्या तपासणी अर्जात तीन प्रश्नही छापलेले आहेत: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का. चांगले प्रश्न आहेत. मामीला कोणी विचारले असते तर तिनं तिन्हींना हो म्हटलं असतं का? मी एकदा एका आशाताईबरोबर हिंगण्याकडच्या वस्तीत फिरले आहे. ओसरीवर सासरे बाजेवर बसलेले, नवरा दारात मोटारसायकल पुसतोय, सून चहा घेऊन उभी. आशाताईनं तंबाखूचं विचारलं, बीपीचं विचारलं, मग त्या ओळीवर आल्यावर पेन थांबलं. तिनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं मान हलवली, आणि तिन्ही जागी "नाही" लिहिलं गेलं. त्या ताईचा मला राग आला नाही. एका दिवसात तिला कितीतरी घरं करायची होती, आणि त्या ओसरीवर तो प्रश्न विचारायची जागाच नव्हती.

नागपूरला मोठ्या रुग्णालयांची कमी आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. मेडिकल आहे, मेयो आहे, तुकडोजी चौकाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची कर्करोग संस्था आहे, मिहानमध्ये एम्स आहे. अख्खा विदर्भ, छिंदवाडा, बालाघाट इथे उपचाराला येतं. उणीव आहे ती घर आणि ही रुग्णालयं यांच्यामधल्या टप्प्यात. मला वाटतं महापालिकेच्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण भागात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा. पडदा असलेली खोली, शिकवून तयार केलेली परिचारिका, आणि वेळ दुपारनंतरची, कारण सकाळी बाईला डब्यांतून सुटका नसते. तिथे लसीकरणाला आलेली आई, बीपीची गोळी न्यायला आलेली आजी, दोघींना सहज विचारून तपासता येईल. आणि तिथून निघणारी चिठ्ठी थेट मोठ्या रुग्णालयातल्या तारखेची असावी. नुसतं "मेडिकलला जा" एवढ्यावर सोडू नये.

यावर डॉक्टर मित्र दोन आक्षेप घेतात. एक, उगाच भीती पसरेल, शंभर बायकांमागे एखाद-दुसरीलाच काही निघेल आणि सोनोग्राफीच्या रांगा वाढतील. खरं आहे, वाढतील. पण आज ज्या रांगा आहेत त्या केमोच्या आहेत, आणि त्या जास्त लांब, जास्त खर्चाच्या आणि जास्त दुःखाच्या आहेत. दुसरा आक्षेप, हातानं तपासणं मागासलेलं आहे, सगळ्यांना मॅमोग्राफीच हवी. परवडत असेल आणि वय बसत असेल त्यांनी डॉक्टरच्या सल्ल्यानं जरूर करावी. पण आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानानं साधारण दहा वर्षं आधी दिसतो, तरुण वयात स्तनाची घनता जास्त असल्यानं मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, आणि नरखेड, उमरेडच्या खेड्यापाड्यात ते यंत्र आणि ते वाचणारा डॉक्टर दर वर्षी कुठून आणणार? हात आधी पोचू द्या. यंत्र त्याच्या मागून येऊ द्या.

सुईच्या भीतीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण तिथे मामीचं सगळं घर अडलं होतं. "सुई टोचली की गाठ पसरते" हे मामाला कोणीतरी पक्कं सांगितलं होतं. तसं होत नाही. तपासणीचे तीन टप्पे असतात: हातानं तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईनं काढलेला तुकडा. जागा बधिर करून, जाड सुईनं तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे घेतात. त्यातून नुसतं कर्करोग आहे की नाही एवढंच कळत नाही. तो हार्मोनवर वाढणारा आहे का, कोणतं औषध त्याला लागू पडेल, आधी केमो की आधी ऑपरेशन, हे सगळं त्या दाण्यांवर ठरतं. हे न करता गाठ उपटून काढली तर कडेला काही राहिलं का ते नीट सांगता येत नाही, आणि बाईला पुन्हा टेबलावर जावं लागतं. "उद्या उपाशी या" म्हणणाऱ्या डॉक्टरला हा एकच प्रश्न विचारा: सुईचा रिपोर्ट कुठे आहे?

आणि "काढूनच टाकतील" ही भीती. लवकर सापडलेल्या आजारात बहुधा फक्त गाठ आणि तिच्या कडेचा भाग काढून वर रेडिएशन देता येतं. इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या शल्यचिकित्सकांच्या वीस वर्षांच्या अभ्यासांनी २००२ सालीच दाखवून दिलं की अशा बायका संपूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात. म्हणजे स्तन वाचवायचा असेल तर लपवणं हाच सगळ्यात वाईट मार्ग. मामीच्या बाबतीत उशीर झाला होता. काखेत गाठी गेल्या होत्या. पूर्ण काढावा लागला. या चैत्रात सहा वर्षं झाली, ती आहे, हात सुजतो, कुरड्यांचा सोऱ्या आता मी दाबते.

उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे आणि तो खरोखर मोठा आहे. पण योजनेचा भर निदान झाल्यावर, दाखल झाल्यावर आहे. त्याआधीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुई, प्रयोगशाळा, आणि काटोलहून तीनदा येण्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, हे बाई स्वतःच्या डब्यातून भागवते. तो डबा रिकामा असला की "पुढच्या महिन्यात" येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं स्तनाच्या कर्करोगासाठी एक उद्दिष्ट ठेवलं आहे: बाई पहिल्यांदा दाखवायला आली त्या दिवसापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. आपल्या जिल्ह्यानं हा आकडा आपला मानावा आणि दर तीन महिन्यांनी जाहीर करावा, की किती बायका आल्या, किती जणींना ६० दिवसांत रिपोर्ट मिळाला, किती जणी मध्येच सुटल्या. दिव्यांची गुलाबी रोषणाई एक वर्ष नाही झाली तरी चालेल. हा आकडा भिंतीवर लागायला हवा.

तोवर, जिला आज हाताला काही लागलं आहे तिच्यासाठी. सोबत कोणीतरी न्या, पण आत बोलताना तुम्ही बोला. खिडकीवर "छाती" म्हणू नका, "स्तनात गाठ आहे, सर्जरीची चिठ्ठी द्या" म्हणा. कधीपासून आहे, कोणत्या बाजूला, पाळीनंतर कमी होते का, आपोआप काही येतं का, आई-बहिणीला काही होतं का, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पुरुष असला आणि संकोच वाटला तर परिचारिकेला आत बोलवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. हात न लावता "काही नाही" म्हणाले तर उठू नका. "तपासून सांगा आणि सोनोग्राफी लिहून द्या" म्हणा. तरीही नाही म्हणाले, तर त्याच आठवड्यात दुसरीकडे जा.